चालू दुरुस्ती

तत्त्वज्ञान शिकलेला माणूस आणि कॉमर्स शिकलेला माणूस यांच्यात फरक एवढाच, की पहिल्याला प्रश्न पडतात आणि दुसऱ्याला ते कुठल्या खात्यात टाकायचे हे माहीत असतं. आता 'भाग बदलले तरी वस्तू तीच राहते का?' हा प्रश्न घ्या. प्लूटार्कनं लिहून ठेवलंय, की थिसियस नावाच्या वीराचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं होतं. फळी कुजली की काढायची आणि नवी ठोकायची. मग हे जहाज थिसियसचंच की दुसरंच, यावर पंडितांत दोन तट पडले. सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रज गृहस्थानं त्यात आणखी एक काडी घातली : काढलेल्या जुन्या फळ्या जमवून कुणी दुसरं जहाज उभं केलं, तर खरं कुठलं? भांडण अजून मिटलेलं नाही.

आमच्याकडे ते बी.कॉम.लाच मिटतं. वस्तू आहे तशी चालू ठेवायला पैसे घातले तर खर्च महसुली. नवी वस्तू किंवा नवा फायदा पदरात पडला तर भांडवली. १९५६ साली मुंबई हायकोर्टात एका कापड गिरणीच्या प्राप्तिकराच्या खटल्यात मुख्य न्यायमूर्ती छागलांनी 'चालू दुरुस्ती'ची जी कसोटी सांगितली, तीही साधारण हीच. अथेन्समध्ये वेळेवर एखादा हिशेब तपासनीस भेटता, तर 'फळ्या व खिळे : महसुली' अशी एका ओळीत नोंद झाली असती आणि तत्त्वज्ञ घरी जेवायला गेले असते.

पण आमच्या सासुरवाडीच्या जीपनं या कसोटीलाही घाम फोडला.

जुन्नरकडची ही जीप म्हणजे १९८८ सालची महिंद्राची एमएम ५४०. डिझेल, फोर-व्हील-ड्राइव्ह. लाखाची वस्तू दरसाल पंधरा टक्के घसाऱ्यानं कापत नेली, तर पस्तीस वर्षांनी तिची किंमत सुमारे ३४० रुपये उरते. (घटत्या शिलकीची पद्धत मोठी दयाळू. ती कुणालाच शून्यावर आणत नाही.) सासरे हयात असताना त्यांच्यासमोर हा हिशेब मांडायची माझी छाती नव्हती. ते गेल्यावर जीप थोरल्या मेहुण्यांकडे आली आणि जीपबरोबर तिचं स्टिअरिंगही आलं.

'स्टिअरिंगही आलं' असं वेगळं सांगण्याचं कारण, ते जीपला जोडलेलं आहे यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नसे. मिस्त्रींच्या भाषेत त्याला 'प्ले' होता. चाक चार बोटं फिरवलं तरी पुढच्या चाकांना पत्ता नसायचा. नंतर एकदम कळायचं, आणि जरा जास्तच कळायचं. मिस्त्रींनी बॉक्सवरचा स्क्रू इतक्या वेळा आवळला होता, की आता आणखी आवळला तर चाक मध्येच अडकायचं आणि सैल सोडला तर जीप स्वतःच्या मतानं चालायची. शिवाय अंगठे रिंगच्या बाहेर ठेवायचे, हा सासऱ्यांचा पहिला धडा. पुढचं चाक दगडावर आदळलं की रिंग उलटी फिरे आणि अंगठा आत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञाची फी देऊनच बाहेर येई.

थोरल्यांचा खांदा आखडला तेव्हा मिस्त्रींनी तोडगा काढला : जुना बॉक्स उतरवायचा आणि बोलेरोचा पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स बसवायचा.

धाकटे मेहुणे पुण्यात असतात. ते फोनवरच कडाडले, "दादा, बाबांची जीप आहे ती! तिला हात लावायचा नाही."

"हात लावायचा नाही काय? रोज मीच लावतोय," थोरले म्हणाले. "आता तो वर होत नाही."

मग दोघांनी मला पंच नेमलं. बँकेतल्या माणसाला सह्या ओळखता येतात, तेव्हा न्यायही कळत असणार, असा लोकांचा समज असतो.

खरं सांगायचं तर माझा कल थोरल्यांकडे होता. धाकटे ही जीप वर्षातून दोनदा चालवणार, दिवाळीला आणि जत्रेला. थोरले रोज. पाट्यावरच्या वाटणाची सर मिक्सरला नाही असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांतला पाट्यापुढे बसणारा मला अजून भेटायचाय. जुनेपणाचा आग्रह एकानं धरायचा आणि त्याची ओढाताण दुसऱ्याच्या खांद्यानं सोसायची, हा व्यवहार कुठल्याच वहीत जुळत नाही.

पण धाकट्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. ते सासऱ्यांच्या मांडीवर बसून याच रिंगवर गाडी शिकले. "दाजी," ते मला म्हणाले, "तो चार बोटांचा प्ले आला ना, की बाबा शेजारी आहेत असं वाटतं." या वाक्यावर काय बोलणार? फोटोत चेहरा राहतो, पण हाताला लागलेली सवय फोटोत कुठून येणार?

त्यांची दुसरी तक्रार अशी, की पॉवर स्टिअरिंग आलं की गाडी माणूस चालवत नाही, यंत्र चालवतं. यावर मिस्त्रींनी जे सांगितलं ते कुठल्याही नीतिशास्त्राच्या पुस्तकात शोभेल. त्या बॉक्समध्ये एक बारीक दांडी असते. आपण रिंग वळवली की ती किंचित पिळते. तेवढ्यानं एक झडप उघडते आणि इंजिनावरच्या पंपाकडून आलेलं दाबातलं तेल आपण वळवू त्याच बाजूला जोर लावतं. "तेल फक्त जोर देतंय, साहेब. कुठं वळायचं ते नाय सांगत," मिस्त्री म्हणाले. "आन् इंजान बंद पडलं, तरी रिंग चाकाला जोडलेलीच असती. जड जाती, पन वळती." मदत घेतली म्हणून काम परकं होत नाही, एवढंच काय ते. ही मदत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९२६ सालीच करून दाखवली होती. अमेरिकेतल्या मोटारींच्या बाजारात ती १९५१ साली आली आणि आमच्या मेहुण्यांच्या खांद्यापर्यंत पोचायला तिला आणखी बरीच वर्षं लागली.

अखेर काम झालं. मिस्त्रींनी पुलर लावून ड्रॉप आर्म ओढला, चासीला जाड पट्टी वेल्ड केली, इंजिनावर पंप बसवून त्याला पट्टा चढवला. नव्या बॉक्सचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजून बरोबर मध्य धरला. मग पुढची चाकं उचलून, इंजिन चालू ठेवून, रिंग इकडून तिकडे फिरवत तेलातली हवा काढली.

धाकटे खास रजा घेऊन आले होते. जुना बॉक्स त्यांनी मागून घेतला आणि अंगणात रॉकेलनं धुवायला बसले. चिखल आणि ग्रीसचा थर निघाला तेव्हा खाली रंग दिसला. हिरवा! जीप तर जन्मापासून पांढरी.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "तो व्हय? पयला बॉक्स माळशेजात दगडावर फुटला. ह्यो तुमच्या बाबांनी लिलावातल्या गाडीचा आणून बसवलेला. तू नव्हतास तवा."

अंगणात शांतता पसरली. 'मिलिंदप्रश्न' नावाच्या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? राजा सगळ्याला 'नाही' म्हणतो आणि शेवटी निघतं ते असं, की या सगळ्या भागांच्या आधारानं आपण 'रथ' हे नाव चालवतो. नागसेनाला आरटीओत जावं लागलं नव्हतं. तिथं चासी नंबर म्हणजे गाडी, विषय संपला. पण घरातल्या गाडीचा नंबर कुठे कोरलेला असतो?

धाकट्यांनी बॉक्स टाकला मात्र नाही. पुसून डिकीत ठेवला. आता तो 'बाबांचा' नव्हता, 'बाबांनी बदललेला' होता. माझ्या मते बढतीच झाली.

रात्री जेवणं झाल्यावर मी पडवीत बसलो होतो. धाकटे एकटेच जीपमध्ये जाऊन बसले. इंजिन बंद, दिवे बंद. बंद जीपचं पॉवर स्टिअरिंग चांगलंच जड असतं. दोन्ही हातांनी जोर लावून ते रिंग सावकाश वळवत होते, अंगठे बाहेर ठेवून.

तेवढ्यात पडवीच्या दुसऱ्या टोकाकडून थोरल्यांचा आवाज आला, "उभ्या गाडीचं चाक पिळू नको रे! टायर झिजतात!"

शब्द, सूर, त्यातली ती चिडचिड, सगळं सासऱ्यांचं. धाकटे थांबले. आणि सासूबाईंनी आतून सवयीनं उत्तर दिलं, "आवो, पोरगं हाये. फिरवू द्या की!"