तेल कोणत्या प्लास्टिकचे?

प्लास्टिकपासून तेल निघते, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. नागपूरच्या अलका झाडगावकर यांचे काम दोन दशकांपूर्वीच गाजले होते. पुढे मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांनी प्रेशर कुकरमधल्या प्रयोगापासून सुरुवात करून जेजुरीत प्रकल्प उभा केला. २०१९ मध्ये डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने ‘गेल’च्या साहाय्याने, रोज एक टन प्लास्टिकमधून सुमारे ८०० लिटर डिझेल देऊ शकणारा प्रकल्प सुरू केला. तेल निघते का, या प्रश्नाचे उत्तर कधीच मिळाले आहे. ते कोणत्या प्लास्टिकचे काढावे, हे ठरवायचे राहिले आहे, आणि ते भट्टी पुरवणाऱ्यावर सोडून चालणार नाही.

बंद भट्टीत प्राणवायू न देता प्लास्टिक साधारण चारशे ते पाचशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की त्याच्या लांब साखळ्या तुटतात. वाफ थंड केली की तेल मिळते, न थिजणारा वायू भट्टी तापवायलाच वापरता येतो आणि तळाशी काजळीसारखा कोळसा उरतो. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन यांत कार्बन आणि हायड्रोजनच असतो, म्हणून त्यांची किलोमागची ऊर्जा जवळजवळ डिझेलइतकी. पीव्हीसी आत गेले तर मात्र त्यातल्या क्लोरीनपासून तयार होणारे आम्ल यंत्राचे लोखंड खाते. पाण्याच्या बाटलीचे पीईटी तेल थोडेच देते, वर नळ्या चोंदतात.

म्हणजे भट्टीला हवे असते कोरडे, स्वच्छ, निवडलेले पॉलिथिन. नेमके तेच भंगारच्या दुकानातही विकले जाते आणि त्याचे दाणे होऊन पुन्हा बादल्या, पाइप बनतात. आधीच ज्याला गिऱ्हाईक आहे असा माल भट्टीत घातला, तर कचरा कमी झाल्याचे दिसेल, पण एक चालता धंदा मोडलेला असेल. ज्याला कुणी हात लावत नाही, त्या मातीने माखलेल्या पातळ पिशव्या आणि चकचकीत वेष्टने नाल्यातच राहतील. भट्टीची खरी गरज या मालाला आहे. त्यातून तेल कमी आणि राख जास्त मिळेल, हे मान्य करूनच तिचे अर्थकारण मांडायला हवे.

पर्यावरणाच्या हिशेबातही अशीच गफलत होते. प्लास्टिक मुळात खनिज तेल आणि वायूपासूनच आलेले. त्याचे डिझेल करून जाळले, तर किलोमागे तीन किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, विहिरीतून आलेले डिझेल जाळल्यावर जातो तेवढाच. तेवढ्या खनिज तेलाची गरज वाचते, उघड्यावर पेटणारा ढीगही टळतो. हे लाभ खरे आहेत आणि मला ते मोलाचे वाटतात. पण याला पुनर्वापर म्हणणे चूक. २०२२ च्या उत्पादक-जबाबदारीच्या नियमांनीही ही रेषा स्पष्ट आखली आहे: ज्याचा पुनर्वापर होऊच शकत नाही, तेच प्लास्टिक तेल, सिमेंटची भट्टी किंवा रस्ते यांसाठी पाठवायचे, आणि त्याची गणना अखेरच्या विल्हेवाटीत करायची. जाहिरातींत मात्र ही रेषा सहज पुसली जाते.

या साऱ्या प्रक्रियेत सर्वांत कौशल्याचे काम भट्टीच्या आधीच होते. पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या कचरावेचक दारोदार फिरून कचरा गोळा करतात आणि निवडतात. हाताला लागणाऱ्या जाडीवरून, आवाजावरून प्लास्टिकची जात ओळखणारी बाई नसेल, तर कोट्यवधींच्या यंत्रात पीव्हीसी जायला वेळ लागत नाही. विकल्या न जाणाऱ्या पिशव्या वेचायला तिला बहुतेकदा काही मिळत नाही, म्हणून त्या मागे राहतात. उत्पादक कंपन्यांनी विल्हेवाटीसाठी दिलेल्या पैशातून या मालाचा किलोमागे ठरावीक दर थेट तिच्या हाती पडला पाहिजे.

आणि पालिकांनी भट्टीच्या मालकाला रोज अमुक टन प्लास्टिक पुरवण्याची हमी लिहून देऊ नये. तशी हमी दिली की कचरा कमी करणे हाच करारभंग ठरतो, आणि तूट भरून काढायला भंगारच्या दुकानातला चांगला माल भट्टीकडे वळवला जातो.