पाठीराख्या पांडुरंगा

पांडुरंगा, तू विटेवर ताठ उभा आहेस आणि तुझ्यासमोर मी उभी आहे ती एक खांदा वर, एक खाली, उजव्या फासळ्या मागे निघालेल्या, अशी. माझ्या कण्याला बाक आहे. मी नमस्काराला वाकले की तो कुणालाही दिसतो. ओढणीखाली झाकत होते तेव्हाही तुला तो दिसत होताच. आज या पाठीबद्दलच तुझ्याशी बोलायचं आहे.

मथुरेत कंसासाठी चंदनाची उटी घेऊन निघालेल्या कुब्जेला तू वाटेत थांबवलंस. तिचे चवडे आपल्या पायांनी दाबून धरलेस, हनुवटीला दोन बोटं लावून तिला वर उचललंस, आणि ती क्षणात सरळ झाली. लहानपणी कीर्तनात हे आख्यान मी जिवाचे कान करून ऐकायचे. माझी पाळी कधी, असं मनातल्या मनात तुला विचारायचे. आता तसं विचारत नाही. माझ्यासाठी तू क्षणाचा चमत्कार केला नाहीस. तू माझ्याकडे माणसं धाडलीस, आणि त्यांतली कितीतरी माझ्या जन्माच्या आधीच कामाला लागली होती.

त्यांच्याबद्दल आधी तुझे आभार मानते. कंबरेतून पुढे वाकायला लावून पाठीमागून पाहिलं की कण्याबरोबर फासळ्यांनाही पडलेला पीळ दिसतो, हे विल्यम ॲडम्स या इंग्रज सर्जनने १८६५ मध्ये सांगितलं. त्या तपासणीला आजही पैसा लागत नाही, लागते ती नजर. जॉन कॉब या अमेरिकी डॉक्टरने १९४८ मध्ये एक्स-रेवर रेघा आखून बाक अंशांत मोजायची रीत दिली, म्हणून माझ्या दुखण्याला माप मिळालं. आणि जर्मनीतल्या कॅथरिना श्रॉथ. त्यांची स्वतःची पाठ वाकडी होती. १९२१ मध्ये मायसेन गावात त्यांनी व्यायामाचं लहानसं केंद्र काढलं. आत दबलेल्या बाजूच्या फासळ्यांत मुद्दाम श्वास भरायचा, ही त्यांची शिकवण एवढा मुलूख ओलांडून माझ्या फिजिओथेरपिस्ट ताईंपर्यंत पोहोचली. पहाटे मी चटईवर बसते, डावीकडच्या त्या चिंचोळ्या जागेत श्वास भरते आणि भरताना तुझं नाव घेते. छाती फुलेपर्यंत ते नाव पुरतं, देवा.

आता माझं मागणं ऐक.

पहिलं मागणं आईसाठी. अशा बाकाचं कारण दहापैकी साधारण आठ जणांत सापडतच नाही. दप्तराच्या ओझ्याने तो येत नाही, पोक काढून बसल्याने येत नाही, एका कुशीवर झोपल्यानेही येत नाही. घराण्यात कुणाला असला तर शक्यता थोडी वाढते, एवढंच. डॉक्टरांनी आईला हे समजावलं, मीही समजावलं. तरी तिच्या मनातून जात नाही. माझ्या वेळी पोटुशी असताना ग्रहणात आपण विळी हातात घेतली होती का, हे ती अजून आठवून पाहते. पांडुरंगा, तिला एकदा तू सांग. तिच्या हातून काही घडलेलं नाही. या म्हातारपणी तिच्या डोक्यावरचा हा भार तरी उतरव.

दुसरं मागणं माझ्यासाठी. माझा बाक चाळीस अंशांच्या आत राहिला आणि मी मोठी झाले. पन्नास अंशांच्या पुढचे बाक वाढ थांबल्यावरही वर्षाला सुमारे एका अंशाने सरकू शकतात, म्हणून ज्यांना शस्त्रक्रिया करून कण्यात सळ्या आणि स्क्रू घालून घ्यावे लागले त्यांच्यासाठीही आज हात जोडते. त्यांच्या सर्जनांचे हात स्थिर ठेव. मला मात्र देखभालीचं व्रत मिळालं. पिशवी दोन्ही हातांत वाटून घ्यायची, फार वेळ एका जागी बसायचं नाही, झोपताना गुडघ्यांत उशी घ्यायची, पोट आणि पाठ यांचे स्नायू राखायचे. वारकऱ्याची वारी चुकत नाही, तशी माझी सकाळची चटई चुकू देऊ नकोस. दुखतं त्या दिवशी बेताचं करायची समज दे, दुखत नाही त्या दिवशी टाळायची बुद्धी देऊ नकोस.

उपचार न झालेल्या रुग्णांचा अमेरिकेतल्या आयोवात पन्नास वर्षं मागोवा घेतला गेला. बहुतेकांनी कामधंदा केला, संसार केले. पाठ मात्र त्यांची इतरांपेक्षा जास्त दुखली. मला हे दोन्ही खरं मानून जगायचं आहे. दुखणं आहे हे मोकळेपणी सांगता येऊ दे, आणि त्यापायी आयुष्य नासलं असं कधी न वाटू दे. पाळी गेल्यावर हाडं विरळ होतील, मणक्यांमधल्या चकत्या झिजतील, उंची थोडी कमी होईल. तेव्हाही या शरीराला मी शत्रू म्हणू नये. या पाठीने मला पाण्याच्या घागरीसकट पायऱ्या चढवल्या आहेत, माझी लेकरं वाहिली आहेत. तिचा राग राग करण्यात मी तरुणपण घालवलं, म्हातारपण तिची माया करण्यात जाऊ दे.

शेवटचं मागणं माझ्या ओळखीच्या नसलेल्या एका मुलीसाठी. ती सहावी-सातवीत असेल. या वयात मुलगी एकटी न्हाऊ लागते, दार लावून कपडे बदलते, आईपासून अंग चोरते. उंची भराभर वाढते ती याच वयात, आणि बाकही तेव्हाच वाढतो. मुलींमध्ये तो मोठा होण्याचं प्रमाण मुलग्यांपेक्षा कितीतरी जास्त. देवा, तिच्या आईला ते दिसू दे. वेणी घालताना एक खांदा उचललेला दिसू दे, फ्रॉकचा घेर एका बाजूला लोंबलेला दिसू दे. 'नीट बस' म्हणून विषय संपवण्याआधी तिला पुढे वाकवून पाठ बघायचं सुचू दे. बाक वाढू नये म्हणून पाठीला घालायचा प्लास्टिकचा पट्टा वाढत्या वयातच उपयोगी पडतो, आणि जितके जास्त तास घालावा तितका जास्त. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रोज तेरा तासांहून अधिक पट्टा वापरणाऱ्या दहांतल्या नऊ जणांचा बाक शस्त्रक्रियेच्या मापापर्यंत गेला नाही. पण वैशाखात त्या प्लास्टिकच्या आत घामोळं कसं पेटतं, ते मला माहीत आहे. तिला सुती बनियन घालून देणारं, पाठीला वारा घालणारं कुणी घरात असू दे. वर्गात तिच्या शेजारी बसणारी एक मैत्रीण असू दे.

आणि पांडुरंगा, घरी आलेलं कुणी तिच्यासमोर 'हिचं लग्न कसं व्हायचं' म्हणून हळहळेल. ते बोल मी ऐकलेत आणि गप्प बसले आहे. तिच्यावर ती वेळ येईल तेव्हा मला तिथे हजर ठेव. उत्तर मी देईन.