खेळण्यामागची गोष्ट

जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानांत गेली काही वर्षं एक निळं केसाळ खेळणं टांगलेलं दिसतं. लांबच लांब हातपाय, लालभडक ओठ, तोंडात टोकदार दातांची रांग. तळहातांना वेल्क्रो असतं, त्यामुळे ते मुलाच्या गळ्यात हात टाकून बसतं. नाव हगी वगी. 2021 मध्ये आलेल्या ‘पॉपी प्लेटाइम’ या भीतिदायक व्हिडिओ गेममधलं हे पात्र. तिथे ते बंद पडलेल्या कारखान्यात खेळणाऱ्याचा पाठलाग करतं आणि गाठलं की जीव घेतं. तीन वर्षांच्या नातवाला हौसेनं ते घेऊन देणाऱ्या आजोबांना यातलं काही ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी ते मऊ अस्वल.

आपल्याकडे 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. कडा धारदार आहेत का, रंगात शिसं किती, सुटा भाग घशात अडकेल का, हे त्यात तपासलं जातं. पात्र कुठल्या गोष्टीतून आलं, हे कुणी तपासत नाही. ते सरकारनं करावं असंही मला वाटत नाही; ते घरातल्यांचंच काम आहे. सिनेमाला निदान यूए 7+, 13+, 16+ असं प्रमाणपत्र असतं. त्याच सिनेमातलं पात्र दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर येतं तेव्हा प्रमाणपत्र थिएटरातच राहिलेलं असतं.

कार्टून म्हटलं की ते लहानांचंच, असं आपण धरून चालतो. शिन-चॅन 1990 मध्ये जपानात सुरू झाला तो मोठ्या वाचकांच्या साप्ताहिकात. 2008 मध्ये भारतात त्याच्या प्रक्षेपणावर बंदी आली, नंतर काटछाट होऊन तो परतला. मोठ्यांना हसू यावं म्हणून लिहिलेला उद्धटपणा चार वर्षांच्या मुलाला बोलण्याची रीतच वाटते.

मग मुलांना वाघ-राक्षस दाखवूच नयेत का? तसं मुळीच नाही. भोपळ्यातल्या म्हातारीच्या वाटेवर वाघ दबा धरून बसलेलाच असतो. पण आजी गोष्ट सांगते ती नातीच्या चेहऱ्याकडे बघत. डोळे विस्फारले, हात घट्ट झाला, की ती आवाज खाली आणते आणि म्हातारीला जरा लवकर घरी पोचवते. मोबाइल असा थांबत नाही. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. मुलानं थोडं घाबरायला हरकत नाही, एकट्यानं घाबरायला माझी हरकत आहे. दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, पाचपर्यंत फार तर रोज तासभर, असं भारतातले बालरोगतज्ज्ञ सांगतात. घड्याळ लावून तास मोजता येतो. त्या तासात काय दिसतंय, हे कळायला मुलाच्या शेजारीच बसावं लागतं.

पुढच्या वाढदिवसाला मूल एखाद्या पात्राचा केक, फुगे, मुखवटा मागेल. ऑर्डर देण्याआधी त्या पात्राचा एक अख्खा भाग, मूल झोपल्यावर, स्वतः बघा. पटला तर हौसेनं सगळं करा. नाही पटला तर मुलावर ओरडू नका. का नको, ते त्याला कळेल अशा शब्दांत सांगा. आणि मामा-मावशी, काका-आत्यांनाही आधीच फोन करून कळवा.