नंबर कोणाचा असतो?

कर्नाटकातल्या भालकीच्या किंवा आळंदच्या शेतकऱ्याच्या पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, जमिनीची ओळख तीन रकान्यांत लिहिलेली असते: सर्वे नंबर, सर्नोक आणि हिस्सा. सर्नोकच्या रकान्यात बहुधा नुसती चांदणी असते. भावाभावांत वाटणी झाली की ४५ चे ४५/१ आणि ४५/२ होतात. पुढे नातवंडांत आणखी तुकडे पडतात आणि हिस्स्याचा रकाना लांबत जातो. शेजारचा ४६ मात्र ४६च राहतो. एका घरातल्या वाटणीची झळ दुसऱ्याच्या कागदाला लागत नाही.

सॉफ्टवेअरच्या कामात रिक्वायरमेंटची, म्हणजे अटींची, पानं सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ही पद्धत नीट समजून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. या कामाला कोणी मान देत नाही. कोड लिहिणाऱ्याचं कौतुक होतं; ‘अट क्रमांक अमुक’ या पानावर काय बदललं, कधी आणि का, हे टिपून ठेवणारा कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. पण तो चुकला तर सगळ्यांच्या कामाचा पाया हलतो.

नासाचं सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हँडबुक हे अशा कामाचं चांगलं उदाहरण आहे. ७१५०.२ या क्रमांकाचं त्यांचं नियमपत्र २००४ साली आलं. त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत गेल्या आणि ‘डी’ आवृत्ती २०२२ मध्ये आली. नियमपत्रातल्या प्रत्येक अटीला एसडब्ल्यूई-०५२ यासारखा स्वतःचा नंबर आहे आणि हँडबुकात त्या नंबराचं स्वतंत्र पान. पानावर आधी अट, मग ती का घातली याचं कारण, मग ती पाळायची कशी याचं मार्गदर्शन, आणि मागच्या प्रकल्पांतून घेतलेले धडे. आवृत्ती बदलली की नियमपत्रातलं कलम पुढेमागे सरकतं, प्रकरणांची मांडणी बदलते. अटीचा नंबर मात्र जिथे जाईल तिथे तिच्यासोबत जातो.

०५२ चंच पाहा. मूळ गरजेपासून डिझाइन, कोड आणि चाचणीपर्यंत दोन्ही बाजूंनी मागोवा ठेवा, असं ही अट सांगते. पूर्वी हेच काम ०५२, ०५९, ०६४ आणि ०७२ अशा चार अटींत विभागलेलं होतं. पुढे ते सगळं ०५२ खाली आलं. बाकीचे तीन नंबर रिकामे झाले, पण नव्या अटींना ते दिले गेले नाहीत. नव्या अटींना पुढचे नंबर मिळाले.

जमिनीच्या तुकड्यांची अशीच जुळवाजुळव झाली तेव्हा काही ठिकाणी वेगळा मार्ग धरला गेला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे आले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्राकडे. आमच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकाच्या, बाजूला सर्वे नंबर आणि हिस्सा चालत राहिले. महाराष्ट्रात तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्याखाली अनेक गावांत नवे गट नंबर पडले. हेतू चांगला होता: विखुरलेले तुकडे एकत्र यावेत, शेती परवडावी. पण आजोबांच्या खरेदीखतात सर्वे नंबर आणि नातवाच्या सातबाऱ्यावर गट नंबर, अशी स्थिती झाली. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे एकत्रीकरणाचं ९(३) ९(४) चं पत्रक. ते हाती लागलं नाही तर जमीन जागेवर असते, पण ती आपलीच हे सिद्ध करता करता वर्षं जातात.

यातून मला एकच गोष्ट म्हणायची आहे. नंबर देणाऱ्याचा नसतो; तो त्या नंबरावर विसंबून पुढचं काम केलेल्या माणसांचा असतो. खरेदीखत लिहिणारा, कर्ज देणारी बँक, निकाल देणारं न्यायालय, या सगळ्यांनी तो आपापल्या कागदात उतरवून घेतलेला असतो. तसंच चाचणी लिहिणारी मुलगी, तपासणीला आलेला ऑडिटर आणि आठ वर्षांपूर्वी प्रकल्प सोडून गेलेला अभियंता, या सगळ्यांनी ‘०५२ प्रमाणे’ असं कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं. पान सांभाळणाऱ्याला ते सगळे कागद दिसत नाहीत. म्हणूनच त्याने अटीचा मजकूर सुधारावा, नंबराला हात लावू नये.

यावर आक्षेप येतो की मधल्या मोकळ्या जागा वाईट दिसतात, नव्या माणसाचा गोंधळ उडतो. पण क्रम दाखवण्यासाठी अनुक्रमणिका आहे. ती हवी तितक्या वेळा नव्याने लावावी. नंबर हे अटीचं नाव आहे. राज्यघटनेतही एका ठिकाणी हेच झालं. १९५० ते १९५६ या काळात हैदराबाद हे ‘ब’ वर्गाचं राज्य होतं आणि बिदर-गुलबर्ग्याला अनुच्छेद २३८ लागू होता. सातव्या घटनादुरुस्तीने तो रद्द झाला, आणि २३८ ची जागा आजही रिकामी आहे. पुढे २०१२ च्या ९८ व्या दुरुस्तीने याच भागाला विशेष दर्जा मिळाला, तेव्हा ती रिकामी जागा कुणी भरून काढली नाही. ३७१ ला ‘जे’ जोडून नवा अनुच्छेद आला. त्यामुळे १९५२ सालचा एखादा निकाल वाचणाऱ्याला २३८ म्हणजे काय हे आजही निःसंदिग्धपणे कळतं.

नुसता नंबर टिकवून मात्र भागत नाही. मालकाचं नाव बदललं, तर ते वारसाने, खरेदीने की वाटणीने बदललं हे फेरफाराच्या नोंदीत असतं. कर्नाटकात ‘भूमी’ योजनेत सुमारे २ कोटी पहाण्या संगणकावर आल्या, तरी पहाणीवरच्या नावाला वजन येतं ते त्यामागच्या फेरफारामुळेच. रिक्वायरमेंटच्या पानालाही असा फेरफार हवा: कोणत्या आवृत्तीत कोणता शब्द बदलला, कशामुळे बदलला, आणि अट रद्द झाली असेल तर तिचं काम आता कोणत्या नंबराकडे आहे. रद्द अटीचं पान पुसून टाकणं म्हणजे जुन्या कागदातून येणाऱ्या माणसाला दारातून परत पाठवणं.

बिदर-कलबुर्गीची कितीतरी मुलं आज पुणे, हैदराबाद, बेंगळुरूत हे काम करतात. वाटणी, मोजणी, फेरफार हे शब्द त्यांच्या घरात लहानपणापासून कानावर पडलेले असतात. त्यांच्या हाती अटींची यादी आली, तर नवी अट शेवटी घालावी, जुनीचा नंबर तसाच ठेवावा आणि प्रत्येक बदलाखाली तारीख आणि कारण लिहावं. कारणाच्या दोन ओळींना पाच मिनिटं लागतात. त्या नसतील तर पुढच्या माणसाला तीच अट मुळापासून पुन्हा शोधून काढावी लागते.