खोटा उजेड

आमचे राजापूर तालुक्यातले घर २०१९ साली पाडले. वाटण्या झाल्या, सह्या झाल्या. त्यात माझीही एक सही होती. इथे बसून सही करणे फार सोपे असते.

पुढे एकदा मुलीने विचारले, "आजीचं स्वयंपाकघर कसं होतं?" फोटो काढून बसलो. सगळे अंगणातले आणि ओटीवरचे. माजघराचा एक नाही आणि स्वयंपाकघराचा तर नाहीच. तिथे अंधार असे, म्हणून कोणी फोटो काढलाच नव्हता. तेव्हा मनाने घेतले की ती खोली संगणकावर उभी करायची. ब्लेंडर नावाचे एक सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यात घराच्या आतले दृश्य बनवून त्यावर प्रकाश टाकता येतो. आई आता आमच्याकडेच असते. "चुलीपासून मोरीपर्यंत अंतर किती?" असे विचारले की ती म्हणे, "चार पावलं." त्या पावलांनी मी भिंती उभ्या केल्या.

चित्र मात्र खेळण्यातल्या घरासारखे दिसे. म्हणून भिंतींचा आणि जमिनीचा पोत शिकायला घेतला. जुन्या भिंतीचे तयार चित्र मिळते, ते चारी भिंतींवर डकवले. आई म्हणाली, "सगळीकडे सारखीच कशी मळली रे?" तिचे खरे होते. काजळी चुलीच्या वर धरते. हाताचा तेलकट डाग दाराच्या चौकटीवर, हात पोचतो तेवढ्याच उंचीवर असतो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर बोटांच्या अर्धवर्तुळाकार रेघा उमटतात आणि त्या सारवणारीच्या हाताच्या लांबीएवढ्याच असतात. प्रत्येक डागामागे एक कारण असते आणि त्या कारणामागे कोणाचे तरी रोजचे कष्ट. कारणाशिवाय डाग टाकला की तो नुसता रंग वाटतो.

मग प्रकाशाकडे वळलो. १९८४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी एका साध्या खोक्याच्या आतला प्रकाश संगणकाने मांडला. रंगीत भिंतीवर पडलेला उजेड शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर तिच्या रंगाची झाक घेऊन उतरतो, हे त्यात दिसले. पुढे खराखुरा खोका बनवून संगणकाचे चित्र त्याच्याशी ताडूनही पाहण्यात आले. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी यामागचे समीकरण मांडले. त्याचा सोपा अर्थ असा की, कोणत्याही जागेकडून आपल्या डोळ्यांत येणारा प्रकाश म्हणजे तिने स्वतः दिलेला आणि इतरांकडून घेऊन परत केलेला, या दोन्हींची बेरीज. आजची सॉफ्टवेअर याच पायावर उभी आहेत.

आता आमचे स्वयंपाकघर घ्या. चुन्याने नवी रंगवलेली भिंत पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८० टक्के परत देते. दाट काजळी धरलेली भिंत जेमतेम चार-पाच टक्के. खिडकी वीतभर. छपरात एकच काचेचे कौल. त्यातून दहाच्या सुमारास धुरात एक तिरीप उतरे, तेवढीच. हिशेब प्रामाणिकपणे केला तर खोली काळीच दिसायची, आणि तशीच दिसली.

मग नवशिक्या माणूस करतो तेच मी केले. कुठूनही न येणारे दोन दिवे हवेत टांगले. या सॉफ्टवेअरमध्ये दिवा स्वतः न दिसता उजेड देऊ शकतो. खोली उजळली. तांब्याचा हंडा लखलखला. सोनेरी, उबदार, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासारखे चित्र तयार झाले. मुलगी खूष, मीही खूष.

आईने चष्मा लावून बराच वेळ पाहिले. म्हणाली, "छान आहे. कुणाचं घर रे? एवढा उजेड असता तर तांदूळ निवडायला मी पडवीत कशाला आले असते?"

मग तिने सांगितले. गावात वीज आली तेव्हा पहिला दिवा ओटीवर लागला, दुसरा देवघरात. स्वयंपाकघरात रॉकेलची चिमणी आणखी चार वर्षे चालली. धुराने डोळे चुरचुरत, पण "सगळ्यांचं तसंच होतं." तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त लागले. ओटीवरच्या त्या दिव्याखाली बसून मी अभ्यास केला होता. त्या अभ्यासावरच इथवर आलो.

वेदान्तात दोरीवर साप दिसण्याचा दृष्टांत आहे. तो भ्रम अंधुक उजेडात होतो. माझ्या बाबतीत उलटे झाले, भ्रम उजेडामुळेच झाला. बायको म्हणाली, "चित्रात तरी आईंना उजेड मिळू दे की!" तिच्या म्हणण्यात माया होती आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. गणपतीच्या मखराला आपण दिव्यांच्या माळा लावतो तो काही खोटेपणा नव्हे. ती आरास आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण हे चित्र मी मुलीला "आजीचं स्वयंपाकघर" म्हणून देणार होतो. उद्या ती तिच्या मुलांना तसेच सांगेल. आईला जो उजेड कोणी दिला नाही, तो चित्रात देऊन माझ्याच मनाची टोचणी कमी होणार होती. तिच्या वाट्याला त्यातले काय येणार होते?

दोन्ही दिवे काढून टाकले. चुलीतला जाळ, चिमणी आणि काचेचे कौल, एवढेच ठेवले. अंधाऱ्या खोलीचे चित्र करायला संगणकाला फार वेळ लागतो. प्रकाशाचे किरण थोडे, त्यामुळे चित्रभर दाणे उमटतात, आणि ते जाईपर्यंत पुन्हा पुन्हा हिशेब करावा लागतो. रात्रभर यंत्र चालू होते.

सकाळी आईला दाखवले. ती जवळ सरकली. "आता काही दिसत नाही," ती हसून म्हणाली, "हेच ते." मग बोट टेकवून मुलीला सांगू लागली, "इथे वैलावर दूध. इथे मिसळणाचा डबा, अंधारातसुद्धा हाताला लागायचा." उजळ चित्र पाहून ती असे एक वाक्यही बोलली नव्हती.

परदेशात राहून आपण सगळेच मागे सुटलेल्या घरावर थोडा जास्तीचा उजेड टाकत असतो. त्यात प्रेम असते हे खरे, पण त्या उजेडात कोणाचे तरी कष्ट दिसेनासे होतात. म्हणून एक सुचवावेसे वाटते. यंदाच्या उत्सवात घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि विचारा, "तुमच्या घरात उजेड कुठून यायचा? आणि कुठे पोचत नव्हता?" उत्तर शांतपणे ऐकून घेण्याची बुद्धी गणराया आपणा सर्वांना देवो.