पाठीवरची पडशी आणि मनावरचे ओझे



जानेवारीत आम्ही तीन दिवस धर्मग्रामाबाहेर होतो. पुष्कळांनी विचारले, "फादर, कुठे गेला होता?" त्याचे उत्तर आज देतो. सेमिनरीतल्या चार जुन्या मित्रांबरोबर आम्ही मेळघाटात पायी फिरायला गेलो होतो. चौघांपैकी दोघे धर्मगुरू, एक शिक्षक आणि एक सेमिनरी सोडून संसारात पडलेला नोकरदार. पाठीवर सॅक, हातात काठी आणि पन्नाशीकडे झुकलेले गुडघे, असा आमचा थाट होता.

मेळघाट हे आपल्या विदर्भाचे वैभव. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्यासाठी निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. सागाचे रान, खोल दऱ्या, अस्वले, रानगवे आणि वाघ. अशा ठिकाणी मनास येईल तसे भटकता येत नाही. वनखात्याची परवानगी घ्यायची, गावातला वाटाड्या सोबत घ्यायचा, उजेड असेपर्यंतच चालायचे. आमचा वाटाड्या कोरकू होता. खांद्यावर भाकरीचे गाठोडे आणि हातात काठी, एवढेच त्याचे सामान. आम्हांला मैदानातून गाविलगडाच्या बाजूने चिखलदऱ्याकडे चढायचे होते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे. नागपूरच्या सपाट रस्त्यांवर चालणाऱ्यांना ही चढण काही थोडी नव्हे.

पहिल्या तासाभरातच आमचा नोकरदार मित्र मागे पडू लागला. आम्ही थांबायचो, तो येऊन पोचला की लगेच उठून चालू लागायचो. म्हणजे विसावा आम्हांला मिळायचा, त्याला नाही. दोनदा आम्ही त्याला चिडून म्हणालो, "अरे, पाय उचल ना! काहून एवढं रेंगाळतोस?" तो नुसता हसला. तिसऱ्या वेळी तो दिसेचना. वाटाड्या न बोलता मागे फिरला, आम्हीही गेलो. मित्र एका खडकाला टेकून बसला होता, चेहरा घामाने निथळत होता. आम्ही त्याची सॅक उचलली आणि आमचा हातच खाली आला. आत सर्वांचे तांदूळ होते, पीठ होते, स्टोव्ह होता, पातेली होती. आदल्या रात्री सामान भरताना हे सगळे कोपऱ्यात पडून होते. ते कोण घेणार, असे कोणी विचारले नाही. त्याने मुकाट्याने भरून घेतले. दिवसभर आम्ही ज्याच्यावर चिडत होतो, तो आमचेच जेवण वाहत होता.

मग तिथेच बसून तो आणखी एक गोष्ट बोलला. त्याच्या परवानगीने ती लिहितो आहे. तो आपल्या धर्मग्रामातला नाही. मुलाच्या धंद्यासाठी त्याने कर्ज काढले होते. धंदा बुडाला. दीड वर्ष तो हप्त्यांच्या काळजीने रात्री जागत होता. पत्नीलाही पूर्ण आकडा ठाऊक नव्हता. दर रविवारी तो मिस्साला जात होता आणि शेवटच्या बाकावरून उठून सर्वांच्या आधी घरी निघत होता. कोणी "कसा आहेस?" म्हटले, तर "बरा आहे" म्हणत होता.

बंधु-भगिनींनो, आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. अॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या दहा भागांपैकी दोन भाग केवळ मैत्रीवर लिहिले, हे आम्ही परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले आहेत. आणि मित्राच्या पाठीवर काय आहे, हे पाहायला आम्हांला अर्धा डोंगर चढावा लागला.

लाज वाटून आम्ही त्याची सगळी सॅकच आपल्या पाठीवर घ्यायला निघालो. तेव्हा तो म्हणाला, "सगळं नको घेऊ रे. माझं मला राहू दे. रिकाम्या पाठीनं चाललो तर मी तुमचा पाहुणा होईन." त्याचे म्हणणे खरे होते. तांदूळ, पीठ, स्टोव्ह, पातेली आम्ही चौघांनी वाटून घेतली. त्याचे कपडे, पांघरूण आणि औषधे त्याच्याजवळ राहिली. वाटाड्याने त्याला आपल्या पाठोपाठ, सर्वांच्या पुढे चालायला लावले. आम्ही कारण विचारले, तर तो म्हणाला, "मागं राहिलेला माणूस दिसत नाही. जंगलात तोच एकटा पडतो." पुढची वाट आम्ही सगळे त्या मित्राच्या चालीने चाललो आणि उजेडातच पोचलो.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात संत पौल दुसऱ्या ओवीत एकमेकांची ओझी वाहायला सांगतो आणि पाचव्या ओवीत म्हणतो, की प्रत्येकाने आपला भार स्वतः वाहावा. आम्हांला हे नेहमी कोडे वाटे. मूळ ग्रीक भाषेत मात्र दोन वेगळे शब्द आहेत. पहिला 'बारोस', म्हणजे माणसाला दडपून टाकणारे वजन. दुसरा 'फोर्तिओन', म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचा भार, पाठीवरची पडशी. आपले ओझे हलके आहे असे प्रभू येशू सांगतो, तिथेही हाच दुसरा शब्द आहे.

दुसऱ्या दिवशी गाविलगडावर या दोन शब्दांचा अर्थ जणू दगडांत दिसला. हा किल्ला नागपूरकर भोसल्यांचा. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी त्याला वेढा घातला. अवजड तोफा त्यांच्या सैन्याने डोंगरदऱ्यांतून स्वतः वाट तयार करत, हातांनी ओढत वर आणल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. त्या युद्धाचे गोडवे आम्हांला गायचे नाहीत. एवढेच मनात आले, की तोफ कधी एकट्याने ओढता येत नाही; पडशी मात्र ज्याची त्यानेच उचलायची असते. आपण नेमके उलटे करतो. दुसऱ्याच्या पडशीत काय आहे, याची चौकशी करतो, चर्चा करतो; आणि तो एकटा तोफ ओढत असेल, तर वाट सोडून बाजूला उभे राहतो.

परतल्यावर आम्ही चौघे त्या मित्राच्या घरी गेलो. वही काढून हिशेब मांडला. पत्नीला त्याने सगळे सांगितले. बँकेत आमच्यापैकी एक जण त्याच्यासोबत गेला आणि हप्ते लहान करून मिळाले. कर्ज फिटलेले नाही. हप्ते आजही तोच भरतो. ती त्याची पडशी आहे. पण आता तो रात्री झोपतो.

हा प्रायश्चित्तकाळ आहे. येत्या शुक्रवारी आपण क्रूसाची वाट करू, तेव्हा पाचव्या स्थानापाशी थोडे थांबू या. कुरेनेकर शिमोन प्रभूचा क्रूस वाहण्यास मदत करतो. जगाचा तारणारा मदत घेतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. मग आपण "बरा आहे" म्हणून का निघून जावे? ज्यांच्या मनावर ओझे आहे, त्यांनी एका तरी विश्वासू माणसाला सांगावे. ज्यांना ते सांगितले जाईल, त्यांनी ते चारचौघांत नेऊ नये. आणि बाकीच्यांनी मिस्सा संपल्यावर शेवटच्या बाकाकडे एकदा पाहावे.

शुक्रवारी क्रूसाच्या वाटेनंतर आम्ही अर्धा तास मंदिरातच, मागच्या बाकावर बसणार आहोत. ज्याला यायचे असेल, त्याने यावे. त्याच्या सोयीने, त्याच्या चालीने बोलू.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू