गळाला लागलेला मासा



दत्तजयंतीच्या सप्ताहात अवधूताच्या चोवीस गुरूंवर मी बरीच वर्षे निरूपण करतो. भागवताच्या अकराव्या स्कंधातली ही कथा दत्तभक्तांना मी नव्याने काय सांगणार! पण मासा आला की मी हमखास व्यसनावर घसरायचो. जिभेवर ताबा नाही म्हणून मासा गळाला लागला, मनावर ताबा नाही म्हणून माणूस व्यसनाला लागला. एवढं म्हटलं की माना डोलायच्या.

तीन वर्षांपूर्वी असंच बोलून उठलो, तर वाती वळायला येणाऱ्या एक ताई खांबाशी थांबलेल्या. म्हणाल्या, "काका, माशाला भूक लागली होती, हे तुम्ही सांगितलंच नाही."

त्यांचा मुलगा कामावर पाठीवर पडला होता. दुखण्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं, मित्र येईनासे झाले. गोळ्या मिळेनात तेव्हा गर्दची पुडी आली. सगळ्या आळीला ठाऊक होतं. मलाही होतं.

त्यानंतर मी थोडं वाचलं. अफूपासून मॉर्फिन, मॉर्फिनपासून हेरॉईन, आणि गर्द म्हणजे हेरॉईनचंच भेसळीचं रूप. ही द्रव्यं अंगाची वेदना शमवतात तशी मनाचीही शमवतात, खरी मेख तिथे आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे कितीतरी सैनिक हेरॉईनच्या आहारी गेले होते. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या विदुषीने केला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते शंभरात पाचच्या आसपास! द्रव्य तेच, माणसंही तीच. भय, कंटाळा आणि परकेपणा मागे राहिला, घरदार समोर आलं. आमच्या आळीतल्या मुलाला मात्र परतायला जागाच नव्हती.

मग दोष कोणाचा? गळ टाकणाराही आहेच. ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी अमेरिकेत १९९६ मध्ये बाजारात आली, आणि तिच्या व्यसनाच्या धोक्याबद्दल दिशाभूल केल्याची कबुली तिच्या कंपनीला २००७ मध्ये न्यायालयात द्यावी लागली. पण सगळं गळावर ढकललं तर मुलगा नुसता मासाच उरतो. आईच्या पाटल्या त्यानेच विकल्या होत्या. ते त्याचं नाही म्हटलं, तर सोडण्याचं बळही त्याचं नाही म्हणावं लागेल. गाणगापुरी पीडा झालेल्याला आणतात तेव्हा 'तुलाच का झाली?' असं कुणी विचारत नाही. पण पादुकांपुढे डोकं त्याचं त्यालाच टेकावं लागतं. पुण्यात १९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं, तिथे रुग्णाबरोबर घरच्यांनाही समजावतात. आळीला कोण समजावणार?

आता त्याला सोडून आठ महिने झालेत. मधे एकदा घसरलाही होता. यंदा पालखीला त्याचं नाव मी सुचवलं, तर एक विश्वस्त म्हणाले, "दानपेटी तिथेच असते हो." त्यांचंही अगदीच खोटं नाही. किल्ली त्याला नको, पण पालखीचा पुढचा दांडा त्याच्याकडे, असं ठरलं.

मी विचारलं, "पाठ दुखते का रे अजून?"

"दुखते, काका. मारुतीच्या पारापाशी कुणीतरी बदली द्या."